जास्वंदीवरचं गळू

शनिवारी सकाळी मी माझाच शब्द मागे घेतला. कारण एकच... सुनेने एक फोटो दाखवला.

आम्ही ऐरोलीला तळमजल्यावर राहतो. खिडकीखाली सोसायटीची मातीची पट्टी आहे, तिथे मी जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा लावलाय. यंदा जास्वंदीवर काळ्या किड्यांचा मावा इतका चढला की कळी उमलायच्या आधीच गळायची. पंधरा दिवस मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज एकच विचारत होते, औषध मारणारा कधी बोलावताय. शेवटी सेक्रेटरी पाटणकर वैतागले आणि शनिवारी अकराची वेळ दिली.

माझी सून श्वेता, हिला फोटोचं वेड. कॅमेऱ्याला जाडं भिंग लावते आणि किडेमुंग्यांचे फोटो काढते. त्यासाठी बाई मातीत पोटावर झोपते... सगळी बिल्डिंग गॅलरीतून बघत असताना. कितीदा म्हटलं, अगं माणसांचे काढ, ती काय कमी आहेत का इथे.

त्या दिवशी नऊच्या सुमाराला ती आत आली, गुडघ्यांना चिखल तसाच. म्हणाली, "आई, चष्मा लावा आणि हे बघा."

लॅपटॉपभर एक तोंड. तिकोनी. दोन मोठे डोळे, डोळ्यात काळा ठिपका, आणि तो ठिपका थेट माझ्याकडे बघतोय. पुढचे दोन पाय नमस्काराला जोडल्यासारखे, पण त्यांना करवतीसारखे काटे. मी खुर्ची मागे सरकवली, खोटं कशाला बोलू.

"केवढं आहे गं हे?"

"मुंगीएवढं. खंडोबाच्या किड्याचं पिल्लू आहे, आज सकाळीच निघालंय. तुमच्या जास्वंदीवर. मावा खातात ही."

खंडोबाचा किडा मला माहीत आहे. हिरवा, बोटभर लांब, मान वळवून बघणारा... माहेरी शेतात ढीग असायचे. पण पिल्लू आजवर कधी दिसलं नव्हतं. का दिसलं नव्हतं, ते पुढच्या फोटोत कळलं.

खोडाला चिकटलेला खाकी गोळा. सुपारीएवढा, फेस वाळून घट्ट झाल्यासारखा. त्यातून धाग्याला लोंबकळत पिल्लं बाहेर येत होती. श्वेता म्हणाली, ही त्यांच्या आईची अंडी, एका गोळ्यात शंभरावर पिल्लं असतात.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. कारण तो गोळा मी चांगला ओळखते. तो मी वर्षानुवर्षं खरवडून काढत आलेय.

मला वाटायचं, झाडाला गळू आलंय. जुन्या चमच्याने खरवडायचं, चपलेखाली चिरडायचं आणि खोडावरच्या जखमेत हळद भरायची... माझ्या सासूने मला असंच शिकवलं, मी बिल्डिंगमधल्या बायकांना शिकवलं. वर बढाई की माझ्या हाताने झाड बरं होतं. आणि दर वर्षी मावा वाढला म्हणून बोंब मारणारीही मीच.

हा एक गोळा वाचला तो माझ्या दयेने नाही. खोडाच्या मागे, पार जमिनीलगत होता, आणि माझे गुडघे आता वाकत नाहीत.

तेवढ्यात बाहेर पंपाचा आवाज आला. दिघ्याहून येणारा औषधवाला वेळेआधीच हजर, पाठीवर टाकी, गेटपासून फवारत आमच्याच दिशेने. शेजारी पाटणकर, मला दाखवायला मुद्दाम उभे. मी अनवाणीच बाहेर गेले आणि जास्वंदीच्या पुढे उभी राहिले.

"थांबव पंप. इथे नको."

पाटणकर पुढे आले. "आजी, पंधरा दिवस ग्रुपवर माझा जीव खाल्लात ना?"

"खाल्ला. आता मीच सांगते, नको. पिल्लं निघालीत."

"कसली? मांजर व्यायली का?"

"मांजर व्यायली असती तर एव्हाना तुम्ही मीटिंग लावली असतीत."

मागून श्वेता आली आणि तिने मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. पाटणकर एक पाऊल मागे सरले. "हे आपल्या सोसायटीत आहे?"

"तुमच्या चपलेपाशी," मी म्हटलं.

औषधवाला पंप बंद करून निघून गेला. पाटणकर मात्र चारचौघांत बोलले, वर गॅलरीत बायका ऐकत असताना... "ठीक आहे आजी, पण यापुढे झाडांची तुमची एकही तक्रार घेणार नाही. तसं लिहून ठेवतो." मी बोललेला शब्द मागे घेतलेला या बिल्डिंगमध्ये कुणी बघितला नव्हता. कान गरम झाले माझे. म्हटलं, लिहा.

संध्याकाळी श्वेताने आणखी एक फोटो दाखवला. एका पिल्लाच्या काटेरी पायांत दुसरं पिल्लू, आणि ते त्याला डोक्याकडून खातंय. सख्ख्या भावाला. सकाळी जन्मलेलं पोर... ज्यांच्यासाठी मी नाक कापून घेतलं, ती ही. श्वेताचं तोंड उतरलं. मी म्हटलं, खाऊ दे, त्याला भूक लागली असेल. पण लॅपटॉप मीच बंद केला.

आज पाचवा दिवस. मावा आहेच. पिल्लं मला तीन दिसली, तीही भिंगातून. त्यातली किती मोठी होतील, कुणास ठाऊक. पण आमच्या बिल्डिंगमधल्या ज्या ज्या बायकांना मी चमचा घेऊन शिकवलं, त्यांनी ते विसरावं. गळू नव्हतं ते. चूक माझी, आणि हळदही फुकट गेली.

श्वेताला तोंडावर थँक्यू म्हणणार नाही, डोक्यावर बसेल. म्हणून इथे पोस्ट लिहितेय. वाचते ती सगळं, फक्त लाइक करत नाही.