गोदीच्या तोंडाशी फिरणारा ठिपका

मंडळी, मी घरी आलेय, पण मन अजून ऑफिसातच अडकलंय.

नदीकाठच्या खिदिरपूर गोदीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचं पाणी कसं वाहतं, ते कॉम्प्युटरवर दाखवणारं मॉडेल करणं हे माझं काम. आज दुपारी माझे सहकारी तपनदा त्यांच्या वहिनींना, म्हणजे बौदींना, घेऊन आले. गेल्या पावसाळ्यात तपनदांचे मोठे भाऊ तिथेच लाँचवरून नदीत पडले. ते सापडलेच नाहीत.

बौदींनी हिंदीत विचारलं, "पाणी त्यांना कुठे घेऊन गेलं, हे तुमचं मशीन सांगेल?"

मला नाही म्हणवेना. मी मॉडेलमध्ये त्या दिवशीच्या भरती-ओहोटीचे आकडे घातले आणि ते पडले त्या जागी स्क्रीनवर एक ठिपका सोडला. तो समुद्राकडे निघून जाईल असं मला वाटलं होतं. पण भरतीने त्याला नदीत वर नेलं, ओहोटीने परत आणलं, आणि मग तो गोदीच्या तोंडाशी भोवऱ्यात गोल गोल फिरत राहिला.

"म्हणजे ते इथेच आहेत," बौदी म्हणाल्या.

"बौदी, हा नुसता पाण्याचा हिशोब आहे हो."

त्यांनी ऐकलंच नाही. खुर्ची ओढून त्या संध्याकाळपर्यंत ठिपक्याकडे बघत बसल्या. तपनदा दाराशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

निघताना मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. बौदींनी हळूच विचारलं, "बंद केल्यावर ते कुठे जातील?"

मी तो चालूच ठेवून आले. आता डोळे मिटले की रिकाम्या ऑफिसात फिरणारा तो ठिपका दिसतो. तुम्ही असता तर बंद केला असता का?