मामाजींचं अपहरण आणि माझा तपास

माझ्या सासऱ्यांचं अपहरण झालं, हे सगळ्यांत आधी मला कळलं. खुद्द सासऱ्यांना ते बरंच नंतर कळलं.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी यवतमाळ शहरात वाढलेला. सासर मुकुटबनकडचं, कापसाचं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. भाव पडलेला, माणसं कावलेली, आणि पांढरकवड्याच्या खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग पार हायवेला टेकलेली. (बंडी म्हणजे आमची बैलगाडी.) अशा रांगेत मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला सोबत नेलं. जावयावर पहिलीच जबाबदारी! काहीतरी करून दाखवायचंच, असं मी मनाशी घोकत होतो.

दुपारी मामाजी बंडीतल्या कापसात आडवे झाले. "जवाईबुवा, लाइन काही हालत नाई. जा, पिक्चर पाहून या."

"आणि बंडी?"

"मी हावो ना इथं!"

मागच्या बंडीवरचे बापूराव, अख्ख्या रांगेला चहा पाजणारे, तेही म्हणाले, "जा ना जी, कायले उन्हात बसता!"

पिक्चर अपहरणाचा होता. मजा आली, उगाच नाकं का मुरडू? पण सगळा ठरलेला साचा! गाणं संपताच शेठजींना पळवणार, हे मी शेजारच्याला आधीच सांगितलं. पळवलं! मग रुमालाआडून फोनवर बोलणारा गुंड, गोदामातली रिकामी खोकी (हिरोने गुंडांना फेकावं म्हणूनच रचलेली!) आणि पोत्यांखाली शेठजी.

"खरा चोर तो मुनीम," मी मध्यंतरालाच निकाल दिला.

"काहून?" शेजारचा म्हणाला. "तो तं बिचारा साऱ्यायले चा देते!"

"म्हणूनच! पिक्चरमध्ये सगळ्यांत गोड माणूस तोच चोर."

"पहिले पाह्यला असन तुमी."

"नाही हो, अक्कल लागते!"

शेवटी मुनीमच निघाला. करमणूक झकास, डोक्याला काम शून्य, असा शेरा मारून मी छाती फुगवून बाहेर आलो.

तर बंडी गायब! बैल गायब, कापूस गायब, कापसासकट मामाजी गायब! वर्षाचं पीक आणि बायकोचे वडील एकाच खेळात हरवून घरी काय तोंड दाखवू? धावत धावत रांग धुंडाळली. फाटकाशी बापूरावांची बंडी उभी, आणि तिच्यापुढे कोणीच नाही. बापूराव हसून म्हणाले, "या जवाईबुवा, चा घ्या."

चहा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मामाजी कुठं आहेत?"

"बसा तं खरं. झालं असं का..."

"गोष्टी नकोत! कुठं लपवलंय त्यांना?"

"लपवलं? अवो, दुसरा काटा सुरू झाला अन्..."

मी त्यांना बोलू देईन तर ना! चढलो त्यांच्या बंडीवर आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागलो. पांढराशुभ्र वेचलेला कापूस सरळ धुळीत! लोक धावले. "येडा झाला का जवाई?" "पकडा रे त्याले!" मी कापसात तोंड खुपसून ओरडत होतो, "मामाजी, घाबरू नका, मी आलोय!" रडूही फुटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"मी कायले घाबरू?" मागून आवाज आला.

फाटकातून मामाजी रिकामी बंडी घेऊन येत होते.

रांगेची रीत मला ठाऊकच नव्हती. पुढचा झोपला असेल तर मागच्याने त्याचे बैल जुंपून त्याची बंडी आधी पुढे न्यायची, मग आपली. बापूरावांनी मामाजींना न उठवता थेट वजनकाट्यावर पोचवलं होतं. वजन करणारा "कापसात माणूस हाये!" म्हणून ओरडला, तेव्हा कुठे मामाजी जागे झाले.

आता बापूरावांचा नंबर होता, आणि त्यांचा कापूस मातीत. मी शरमेने मेलो. अर्धी रांग खाली बसून एकेक पुंजका फुंकत कापूस भरू लागली, आणि बापूराव मलाच चहा देत म्हणाले, "घ्या जी. घसा बसला असन तुमचा."

पुढच्या हंगामात मामाजींनी मला पुन्हा रांगेत नेलं. मला वाटलं, मागचं सगळे विसरले. जेवायला जाताना ते बापूरावांना म्हणाले, "कापसाकडे नाई पाह्यलं तरी चालन. आमच्या जवायावर लक्ष ठेवजा!"