अर्ध्या मिनिटातल्या सुमतीबाई

गणपतीच्या मांडवात झालेल्या सुमतीबाईंच्या पाऊण तासाच्या भाषणातलं अर्धं मिनिट कापून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. गणपतीत मंडळाच्या रील्स मीच बनवतो, आणि लोक तेवढंच बघतात ही माझी अक्कल. त्यात बाई म्हणतात, "दारात उभा मुलगा बापाला वैरी वाटतो. शंकरालाही वाटला. मानसशास्त्रात या भांडणाला नाव आहे." बस. पुढचं गाळलं.

बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत एकट्याच राहतात. विसर्जनाच्या दिवशीचा नैवेद्य, एकवीस उकडीचे मोदक, दरवर्षी त्यांच्याच घरून यायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी त्यांनी खुर्चीत बसून पाकळ्या पाडलेल्या, पण मान सोडला नाही.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष भाऊ त्यांच्या घरी गेले. मागे मी.

"बाई, आमच्या देवाला पेशंट केलंत?"

"देवाला नाही, भाऊ. आपल्याला."

"दोन ओळींची माफी लिहा. नाहीतर नैवेद्य दुसऱ्या घरून घेऊ."

"पुढचं ऐकलंत का? तोच बाप पस्तावतो आणि मुलाला पहिल्या पूजेचा मान देतो. ते सांगायलाच तर मी उभी राहिले."

"ग्रुपवर तसं काही नाहीये."

मी चपलांच्या रॅककडे बघत राहिलो. फार छान रॅक होता.

बाईंनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "सौमित्र येतोय का यंदा?"

सौमित्र म्हणजे भाऊंचा मुलगा. बापाने घराबाहेर काढल्यापासून मानपाड्याला भाड्याने राहतो. वर्तकनगरापर्यंत येतो, पण कॉलनीच्या गेटच्या आत नाही.

भाऊ उठले. "माफी राहू द्या. नैवेद्यही राहू द्या."

विसर्जनाला दुकानातले मलई मोदक आले. गणपतीने काही तक्रार केली नाही. मंडळाचं मोठं मोदकपात्र बाईंकडेच असायचं; ते आणायला मला पाठवलं. घासूनपुसून दारातच ठेवलेलं. आत ओट्यावर तांदळाची पिठी तशीच परातीत.

"सूरज, पुढचं कधी टाकतोस रे?"

"आजच टाकतो, बाई."

नवरात्राच्या रील्सही भाऊंनी मलाच दिल्यात. आख्खं भाषण अजून फोनमध्येच आहे. जिन्यात बाई दिसल्या की तोच फोन मी कानाला लावतो.