पाच किलोचे पाच किलो

सोमवार, दुपारचे सव्वादोन. आकडा दोनशे एकेचाळीस. हजर माणसं तीन: तुळशीरामजी, त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई आणि मी.

आकडा साखरेचा होता. तुळशीरामजींच्या बोटातल्या रक्ताच्या थेंबाचा, जेवण झाल्यावर बरोबर दोन तासांनी घेतलेला. शकुंतलाबाईंनी ग्लुकोमीटर माझ्यासमोर धरला.

"पाहा ताई. आता सांगा, हे मशीन खोटं बोलते का आमचे हे खोटं बोलते?"

"मी डब्यातलंच खाल्लं ना जी," तुळशीरामजी म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो."

"मागच्या सोमवारीबी शपथच होती."

तुळशीरामजींचं पवनीत तांदळाचं दुकान आहे. दिवसभर ते पोत्यांच्या मधोमध बसतात. बाईंचा संशय तिथूनच सुरू होत होता. "बाजूलेच हॉटेल आहे. एखादी प्लेट भात मागवला त मले इथं घरी कसं समजन?"

"सबूत आहे का तुझ्याजवळ?"

"हा आकडा काय आहे मंग?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ वही होती. मी ती उघडली आणि त्यांना पाठवलेल्या डब्यातली कर्बोदकं वाचून दाखवली. दोन भाकऱ्या तेरा ग्रॅम, लाडू साडेतीन, फुलकोबीचा भात आणि वांग्याची भाजी मिळून आठ. एकूण साडेचोवीस ग्रॅम. एवढ्यावर दोनशे एकेचाळीस यायला नको. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि वर हेही म्हणाले, "तुळशीरामजी, माझ्या हिशेबाने तुम्ही दुसरं काहीतरी खाल्लेलं आहे."

तुळशीरामजी चष्मा पुसत राहिले. शकुंतलाबाईंनी उठून तांदळाच्या ड्रमला कुलूप लावलं.

आता माझ्या कामाविषयी थोडं. मी लो-कार्ब डबे करते. कार्ब म्हणजे कर्बोदकं. भात, पोळी, साखर, बटाटा यांत ती भरपूर असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखर होते. मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टर ती कमी करायला सांगतात. पण भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला भात सोडा म्हणणं म्हणजे जेवण सोडा म्हणण्यासारखंच आहे. म्हणून मी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काहीतरी करते. फुलकोबी किसून वाफवली की भातासारखी दिसते. जवस आणि सोयाबीनच्या पिठाची भाकरी होते. त्याच पिठात खोबरं आणि साखरेऐवजी स्टीव्हिया घालून लाडू होतो. दुधीची खीरही करते. चवीचं म्हणाल तर लाडू आणि खिरीबद्दल तक्रार नसते. फुलकोबीच्या भाताबद्दल तुळशीरामजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, आपण भात आहो, हे त्या फुलकोबीले कोणी सांगितलं काय?"

प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावते. कोणत्या पदार्थात किती ग्रॅम कार्ब, ते दशांशापर्यंत. औषधगोळ्यांत मी हात घालत नाही, ते डॉक्टरांचं काम. माझं काम चिठ्ठीवर लिहिलं तेवढंच डब्यात असणं.

डबा सुरू झाला त्या पहिल्या महिन्यात तुळशीरामजींची जेवणानंतरची साखर एकशे साठ-सत्तरपर्यंत उतरली होती. नंतर चढू लागली ती उतरेचना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी शनिवारी बोलावलं होतं. आकडे असेच राहिले तर इन्सुलिन सुरू करू, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तुळशीरामजी सुईला भीत नव्हते. ते मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "इन्सुलिन घेईन जी, त्याचं काही नाही. पण चाळीस वर्ष झाले लग्नाले, अन् आता घरात चोर ठरून राहिलो. तुमच्या वहीनंबी तेच सांगितलं."

हे मला लागलं. मी म्हटलं, "उद्या मी दुकानात येते. तुमच्यासमोर बसते."

मंगळवारी सव्वाअकराला मी दुकानात जाऊन बसले. सोबत स्वेटरचं विणकाम नेलं होतं, पण नजर त्यांच्यावर. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना वाटलं मी उधारी वसूल करायला बसले आहे. बारा वाजता त्यांनी डबा उघडला. मी समोर. सव्वाबाराला संपवला. मग दोन तास आम्ही दोघं पोत्यांमध्ये बसून राहिलो. एकदा ते उठले.

"कुठे?"

"पाणी प्यायले. तुमी प्या आधी, चाखून पाहा."

सव्वादोनला शकुंतलाबाई मशीन घेऊन आल्या. दोनशे तेहतीस.

बाहेर एक ट्रॅक्टर गेला. मग तुळशीरामजींनी खुर्चीत मागे टेकून विचारलं, "बोला ताई. आता चोर कोण?"

"माझा डबा," मी म्हणाले.

शकुंतलाबाईंना ते पटलं नाही. "चोवीस ग्रॅम लिहून राहिल्या ना तुमी?"

"लिहिलं आहे. पण डब्यात चोवीस नाहीत."

इतकं मोठ्याने कबूल करायची माझ्यावर याआधी वेळ आली नव्हती. माझे सतरा डबे जातात. बाकी सोळा जणांना भाकरी-लाडू आठवड्यातून एक-दोनदाच जातात आणि ते महिन्यातून एकदा उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त देतात, त्यात अशी गोष्ट लवकर दिसत नाही. जेवणानंतरचा आकडा रोज लिहून ठेवणारं घर एकच, ते हे. नवऱ्यावर विश्वास नसल्यामुळे का होईना, बाईंची वही माझ्या वहीइतकीच चोख होती. मी ती मागून घेतली.

बुधवारी मी त्यांच्या डब्यातून भाकरी आणि लाडू काढले. बाकी सगळं तेच, शिवाय पोट भरावं म्हणून दोन अंडी. दोन तासांनी आकडा आला एकशे छप्पन. म्हणजे दोष भाकरी आणि लाडवात. दोन्हींत सारखं काय, तर पीठ.

पिठाची एक सोपी तपासणी आहे. जखमेवर लावायचं आयोडीन कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतं. त्याचा थेंब स्टार्चवर, म्हणजे तांदूळ-बटाट्यातल्या कर्बोदकावर, पडला की निळा-काळा होतो. जवस आणि सोयाबीनमध्ये स्टार्च जवळजवळ नसतं, तिथे थेंब तपकिरीच राहायला हवा. मी दोन बशा घेतल्या. एकीत शेजारणीच्या मिक्सरवर दळून आणलेलं मूठभर पीठ, दुसरीत पिठाच्या डब्यातलं, चक्कीवरून आलेलं. दोन्हींत पाणी आणि एकेक थेंब. पहिली बशी चहाच्या रंगाची राहिली. दुसरी शाईसारखी झाली.

मग मी दोन वह्या शेजारी ठेवल्या, बाईंची आणि माझी. पहिला महिनाभर मी पीठ घरीच दळत होते. डबे वाढले, मिक्सरची मोटार जळली, तेव्हापासून दळण दर आठवड्याला आमच्या गल्लीतल्या देवाजींच्या चक्कीवर. प्रत्येक दळणाचं वजन मी जाताना आणि येताना करते. पहिल्या खेपेला पाच किलो दिले, चार किलो दीडशे आले. त्यावरून मी देवाजींशी भांडले होते. पुढच्या सहा खेपांना पाच किलोचे बरोबर पाच किलो. वहीत सहा वेळा तोच आकडा होता आणि प्रत्येकापुढे माझी बरोबरची खूण. शकुंतलाबाईंच्या वहीत साखर चढायला सुरुवात झाली ती दुसऱ्या खेपेच्या आठवड्यात.

दळणात थोडी तूट यायलाच हवी हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी वजन करत होते ते कमी आलं तर पकडायला. कमी येत नव्हतं, म्हणून पुढे पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी चक्कीवर गेले. देवाजी साठीचे, मिशांवर कायम पीठ. मी सरळ विचारलं, "देवाजी, माझ्या जवसात काय घालता?"

"काही नाही बाई. तांदूळ."

ते इतक्या सहज म्हणाले की मी पुन्हा विचारलं.

"तांदूळ जी. जवस तेलकट राहते. दगडाले चिकटून बसते, बाहेर निंघतच नाही. मंग वरून तांदूळ सोडला की दगड साफ होते अन् तूट भरून निंघते. काट्यावर पाच किलो भरलं की बंद करतो."

"किती तांदूळ?"

"जेवढी तूट तेवढा. आठशे-साडेआठशे ग्राम."

"मला सांगितलं का नाही?"

देवाजींना खरंच आश्चर्य वाटलं. "त्यात सांगायचं काय? ज्वारी-बाजरी घातली असती त विचारलं असतं. तांदूळ काय परकी वस्तू आहे? अन् तुमीच तर सगळ्या गल्लीसमोर म्हटलं होतं, पाच दिले त पाच पाहिजे. आता पाच देऊन राहिलो त काहून दिले म्हणता."

मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ. माझ्या चिठ्ठीवर साडेसहा ग्रॅम कार्ब, खरे होते साडेतेराच्या आसपास. लाडवातही तेच, दुप्पट. साडेचोवीसच्या डब्यात बेचाळीसच्या जवळपास जात होते. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. जवसाची भाकरी थापताना फाटते. दीड महिन्यापासून माझी फाटत नव्हती. मी समजत होते माझा हात बसला. दोन गिऱ्हाइकांनी कौतुकही केलं होतं आणि मी ते घेतलं होतं.

दुपारी नवीन डबा घेऊन तुळशीरामजींकडे गेले. पीठ सकाळीच शेजारणीच्या मिक्सरवर दळून घेतलं होतं, थोडं थोडं, मोटार गार करत. शकुंतलाबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बशी, आयोडीन, चक्की. शेवटी म्हटलं, "सोमवारी मी तुमच्यासमोर यांना खोटं पाडलं. चूक माझी होती. यांनी काही चोरून खाल्लं नाही."

तुळशीरामजी पत्नीकडे पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती.

शकुंतलाबाईंनी आठवडे बोटांवर मोजले. मग म्हणाल्या, "पण भात त खाल्लाच ना. सहा आठवडे खाल्ला. मी म्हणत होती तेच झालं."

"मले माहीत होतं काय?"

"माहीत नसन. पण खाल्ला ना?"

"बाई, आधी कोणी सांगितलं असतं त चवीनं तरी खाल्ला असता," तुळशीरामजी म्हणाले, आणि बाईंना हसू आवरलं नाही. ड्रमची किल्ली त्यांनी पदराच्या गाठीतून सोडली आणि नवऱ्यासमोर स्टुलावर ठेवली. "घ्या. तुमीच लावा कुलूप, तुमीच उघडा."

"मले कायले पाहिजे? ठेव तुझ्याजवळच. दिसलं की मन होते."

त्या दिवशीचा आकडा एकशे चौसष्ट. शुक्रवारचा एकशे एकोणसाठ. शनिवारी आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो. मी मुद्दाम गेले, कारण चूक कोणाची ते डॉक्टरांच्या कागदावर यायला हवं होतं. डॉक्टरांनी दोन्ही वह्या पाहिल्या, शेवटचे दोन आकडे पाहिले आणि म्हणाले, "इन्सुलिन आत्ता नको. याच गोळ्यांवर एक महिना अजून पाहू. रोजचे आकडे लिहीत राहा." मग मला विचारलं, "बाकीच्यांना कळवलं?"

कळवलं होतं. सोळाही जणांना गुरुवारी संध्याकाळी फोन केले. चौदा जण म्हणाले बरं झालं सांगितलं. दोघांनी डबा बंद केला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सगळ्यांनाच मी त्या सहा आठवड्यांचे भाकरी-लाडवाचे पैसे परत देऊ केले. बहुतेकांनी पुढच्या डब्यांत वळते करून घेतले. तुळशीरामजींनी घेतले नाहीत. म्हणाले, तुमी दुकानात तीन तास बसल्या, तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांनी भिऊन उधारी चुकती केली, मी नफ्यातच आहो.

आता जाड भांड्याचा मोठा मिक्सर घेतला आहे. पीठ घरी दळते. आठवड्याला पाच किलोंत दीडशे-दोनशे ग्रॅम तूट येते आणि ती मी तशीच लिहिते. भाकरी पुन्हा फाटते, म्हणून आता छोट्या चार करते. वजन करताना एक सवय बदलली आहे. आकडा कमी आला तर पूर्वीही कारण विचारत होते. आता बरोबर आला तरी विचारते.

एक गोष्ट राहिली होती. तांदूळ देवाजींच्या घरचा होता, बारीक, चांगला. दळणावळीशिवाय त्यांनी त्याचा एक पैसा मागितला नव्हता. साडेआठशे ग्रॅम गुणिले सहा खेपा, पाच किलो शंभर ग्रॅम. बाजारात त्याला किलोमागे साठ रुपये भाव होता. मी पैसे मोजून चक्कीच्या ओट्यावर ठेवले.

"हे कायचे?"

"तांदळाचे."

"तांदळानं त तुमचं नुकसान केलं ना बाई."

"नुकसान माझं, तांदूळ तुमचा."

त्यांनी थोडं आढेवेढे घेतले, वरचे सहा तरी राहू द्या म्हणाले. मी राहू दिले नाहीत. तीनशे सहा रुपये रोख, देवाजींना दिले.