तोंड मिटून केलेली अमरावती

सुनंदे, कागदावर का होईना, अशी जवळ सरकून बस, अन् आधी बोलणी खा. पोराचं दुखणं परत उलटलं, म्हणून घरात तोंड लपवून बसलीस? मावशी ना मी तुझी? मला दुसऱ्यांकडून कळावं?

आमच्या मिनूचंच ऐक. चौदाव्या वर्षी माझी ही नात उदास झाली. जेवण नाही, शाळा नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी अन् देवीच्या कृपेनं पोर हसायला लागली. मी नवस फेडला. तिला तराजूत बसवून तिच्या वजनाइतका गूळ देवीला वाहिला. अन् सोळाव्या वर्षी तेच दुखणं तसंच्या तसं परत! मला तर देवीचाच राग आला. मग वाटलं, गूळ कमी पडला असेल, आपल्याला सगळ्यात प्रिय ते द्यावं. मला काय प्रिय आहे ते साऱ्या अकोल्याला ठाऊक आहे. बोलणं! अमरावतीला देवीचं दर्शन होईपर्यंत मौन, असं मी पाटीवर लिहून दाखवलं. मुलानं आनंदानं देवापुढे दोन अगरबत्त्या जास्त लावल्या.

मिनूला घेऊन निघाले, पाटी घरीच राहिली. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं, आजी?" मी हात नाचवले. "मूर्तिजापूर? बडनेरा?" मी मान हलवून हलवून थकले. शेजारची बुरख्यातली बाई कळवळली, "या अल्ला, बिचारी मुकी आहे! बेटा, जनम से?"

कित्येक दिवस हूं की चूं न केलेली मिनू बोलली, "नाही हो काकू, हे पहिल्यांदाच होऊन राहिलं. एरवी आजीचं तोंड बंदच नाही होत. दोन अमरावती द्या हो." अन् फिसकन हसली! मला उत्तर द्यायचं होतं, मी समोरचा दांडा घट्ट धरून बसले. बाईनं माझ्या हातावर बडीशेप ठेवली, पाठ थोपटली.

दर्शनाआधी डॉक्टरांकडे गेलो. मागच्या खेपेला ते विचारायचे मिनूला अन् सांगायची मी. या वेळी डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी छताकडे. शेवटी पोर हळूच म्हणाली, "आजीनं एवढा गूळ वाहिला, अन् मले परत तसंच व्हायला लागलं. मी सगळ्यायचा नवस वाया घालवला. म्हणून सांगतलंच नाही कोणाले."

बाई गं! माझा गूळ ते लेकरू डोक्यावर वाहत होतं. डॉक्टर म्हणाले, हे परत येऊ शकतं, यात तुझी काही चूक नाही, चाहूल लागली की सांगायचं. गोळ्या बदलून दिल्या.

देवीसमोर मौन सुटलं. 'परत कधी येऊ देऊ नको' म्हणायला गेले होते. म्हटलं, तुझ्या हातातलं तू बघ माय, पण आलं तर पोरीला सांगावंसं वाटू दे.

मिनू गोळ्या घेते. कॉलेजात जाते, एखाद्या दिवशी नाही जात, अन् तसं येऊन सांगते. ती एसटीतली बाई देवीनं धाडली होती का, मी तिला विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती.

तर पोराला घेऊन ये. मिनू बसेल त्याच्यापाशी. मी मध्ये बोलणार नाही. म्हणजे, "जेवा रे" एवढं तर म्हणीनच. ये बाई, लवकर ये.