न बांधलेल्या दवाखान्याचा उन्हाळा

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता.

आमची सून रेश्मा सिरसाळ्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. एका दवाखान्यात गारवा नीट राहील का, हे ती कॉम्प्युटरवर तपासते. त्या दवाखान्याची अजून वीटही रचलेली नाही! पण आज ते गणित पुढेच सरकेना. संध्याकाळपर्यंत अहवाल आला नाही तर घरून काम बंद, पुण्याला परत या, असं साहेबांनी बजावलेलं. म्हणजे नातूही जाणार.

मशीन तापलं असेल म्हणून मी कूलर ओढत आणला आणि समोर लावला.

"अवो मामा, कागदं उडाली की सगळी! मशीन न्हाई तापलं. गणितातल्या दवाखान्याचा एसी येडा झालाय."

मग तिने समजावलं. खोली जरा तापली की एसी चालू, जरा निवली की लगेच बंद. क्षणाक्षणाला हेच, आणि दर वेळी कॉम्प्युटर सगळं गणित नव्याने मांडत होता. तिने चालू आणि बंद होण्यात दोन अंशांचं अंतर ठेवलं, तशी ती सारखी उघडझाप थांबली.

काय सांगू! माझा चहा संपायच्या आत त्या दवाखान्याचं अख्खं वर्ष डोळ्यांसमोरून गेलं. पडद्यावर तापमानाची रेघ वैशाखात चढली, पौषात उतरली. मी सातवी शिकलेला माणूस, नुसता बघत राहिलो.

"लई भारी, पोरी," एवढंच तोंडातून निघालं.

अहवाल गेलाय, पण साहेबांचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी असं काम करतं का? उत्तराला इतका वेळ लागतो का हो? नातवाला अजून काही सांगितलेलं नाही. कृपा करून लवकर कळवा.