निर्दोष काकांचं अपील

माझे काका तलाठी होते आणि लाच घेताना पकडले गेले. घरात मात्र या प्रकाराला 'काकांवर आलेलं बालंट' म्हणायची पद्धत होती. लांज्याकडच्या एका बागवाल्याचे वडील वारले होते, त्याला आंब्याच्या बागेवर वारसाची नोंद करून हवी होती. काकांनी त्याचे पैसे मागितले. तो माणूस सरळ लाचलुचपतवाल्यांकडे गेला. नोटांना पावडर लावलेली होती. काकांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं.

एवढं झाल्यावर माणसाने गप्प बसावं. काकांनी रत्नागिरीच्या कोर्टात सांगितलं, "मी रातांबे फोडत होतो. आमसुलं घालायची होती. त्याचा रंग उतरला."

सरकारी वकील इकडचेच. त्यांनी शांतपणे विचारलं, "डिसेंबरात?"

कोकमाची ही फळं उन्हाळ्यात पिकतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दारातला पोलीससुद्धा हसला. मी तेव्हा कॉलेजात होतो, काकूला सोबत म्हणून गेलो होतो. मला मान वर करवेना. एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि नोकरी गेली.

मग हायकोर्टात अपील. काका जामिनावर घरी आले. मुंबईच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "यापुढे रातांब्यांबद्दल कुणाशी बोलायचं नाही."

अपील सुनावणीला यायला पाच वर्षं लागली. तेवढ्या काळात काका गावचे कायदेपंडित झाले. बांधाचा तंटा असो की सोडचिठ्ठी, लोक त्यांच्याकडे येत. सल्ला ते फुकट देत, हे विशेष. बागवाल्याची नोंद मात्र रखडली, कारण त्याचा अर्ज पुरावा म्हणून कोर्टात अडकला होता आणि नव्या तलाठ्याला त्या बागेचं नाव काढलं तरी घाम फुटायचा.

शेवटी वकिलांची तार आली : अपील मंजूर. काकांनी पलीकडच्या वाडीपर्यंत पेढे वाटले. "हायकोर्टाने माझा प्रामाणिकपणा मान्य केला," असं ते प्रत्येक दारात सांगत होते.

निकालाची प्रत पुढे महिनाभराने आली, ती इंग्रजीत. काका बाहेर गेलेले बघून काकू म्हणाली, "मला वाचून दाखव. सगळं."

मागीलदारी बसून मी तिला मराठीत सांगत गेलो. काकांवर खटला भरायच्या मंजुरीवर ज्या साहेबाची सही होती, त्याला काकांना नोकरीवरून काढायचा अधिकारच नव्हता. म्हणून खटलाच रद्द. पानंच्या पानं त्या एका सहीवर होती.

तांदूळ निवडता निवडता काकू थांबली. "आणि ह्यांनी पैसे घेतले नाहीत, असं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मग घेतले, असं?"

"तेही नाही. त्यात शिरायची गरज नाही, असं म्हटलंय."

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "हे त्यांना वाचून दाखवू नकोस. इंग्रजी येत नाही त्यांना, तेवढं बरं आहे."

मी नाही दाखवलं. काका पुन्हा रुजू झाले आणि दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात एका साहेबांनी त्यांच्या स्वच्छ कारकिर्दीवर बरंच भाषण केलं. काकू पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा ती पदराने चष्मा पुसत बसली होती.